लगतधारक गैरहजर

मोजणीकाकांना साधा पत्ता सांगता येत नसे. "काका, राहता कुठं?" असं कुणी विचारलं की ते थांबत, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत आणि म्हणत, "पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस सरकारी नाली, उत्तरेस ठाकरेबाईचं घर, दक्षिणेस रस्ता." तोवर विचारणारा चौकापर्यंत पोचलेला असे. सगळी नोकरी भूमी अभिलेखात मोजणीदार म्हणून गेलेली, जिल्ह्यातले सोळाही तालुके साखळी ओढत पालथे घातलेले. त्या खात्यात कुठलीही जागा लिहिताना तिच्या चारी बाजूंना कोण आहे ते आधी लिहितात, त्याला चतुःसीमा म्हणतात. काकांच्या ती हाडीमाशी मुरली होती. "खुणेचा दगड कोणीबी उपटते बापा," ते म्हणायचे, "शेजार उपटता येत नाही."

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात किंवा नातवंडं खेळवतात. काकांना नातवंडं नव्हती, लग्नच नव्हतं. तरुणपणी सोयरिकी आल्या तेव्हा प्रत्येकीत त्यांनी काही ना काही हद्दीचा वाद काढला, असं ते हसत सांगायचे. त्यांचा जीव पुरुषांवर जडायचा. माझाही तसाच जडतो, म्हणून तर ओळख. तर रिटायर झाल्यावर काकांनी काढली स्थळपाहणी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता, बसस्टँडच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात, पायी दोन तास, पाच ठिकाणं. आपल्यासारख्या लोकांनी या शहरात माणूस म्हणून जगायला काय काय केलं, ते जागेवर उभं राहून सांगायचं. मोठ्या शहरांत अशा फेऱ्या निघतात म्हणे, झेंडे असतात, फोटो काढतात. आमच्या यवतमाळात दाखवायला काय होतं? एक भिंत, एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, गिरणीवरची एक खोली, एक चहाची टपरी आणि एक पेढ्याचं दुकान. मी म्हणालो, काका, यात इतिहास कुठं आहे? ते म्हणाले, "कागदावर नाही ते जमिनीवर नाही. म्हणूनच त लेहाचं."

माझं कचेरीसमोर टायपिंगचं दुकान आहे. दाखले, प्रतिज्ञापत्रं, फेरफाराचे अर्ज. काका पहिल्यांदा आले ते या फेरीची नोटीस टाइप करायला. होय, नोटीस. निमंत्रण नाही. "विषय: यवतमाळ शहरातील समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या इतिहासाची स्थळपाहणी. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, नियोजित दिनांकास व वेळेस मोजणीकामी जागेवर समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून काम पूर्ण करण्यात येईल." मी हात जोडले. म्हटलं, काका, हे वाचून माणूस फेरीला येईल का वकिलाकडे जाईल? ते दुखावले. "मंग कसं लेहाचं? 'या या, मज्जा आहे' असं लेहू?" सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मी मुकाट्यानं टाइप केलं आणि तेव्हापासून दर महिन्याच्या त्या रविवारी त्यांच्यामागं चालू लागलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. घरी रविवारी करण्यासारखं काही नव्हतं, हे एक कारण.

लोक यायचे, नाही असं नाही. घाटंजीहून दोन नर्सबाया यायच्या, दहा वर्षं एका खोलीत राहणाऱ्या. आपण कोण ते सांगताना त्या अडखळल्या तेव्हा काकांनी रजिस्टरमध्ये लिहून टाकलं, "एकमेकींच्या लगतधारक", आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. लगतधारक म्हणजे लागून असलेल्या जमिनीचा धनी. वणीहून कोळशाच्या खाणीतला एक जण मोटरसायकलवर आला आणि भर मे महिन्यात दोन तास हेल्मेट काढलं नाही, कुणी ओळखेल म्हणून. मला हसू आवरेना. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "राहू द्या, काढू नका. ऊन लय आहे." सावलीत पोचल्यावर त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली आणि पाठ फिरवून उभे राहिले, त्याला काच वर करून पिता यावं म्हणून.

पण पुष्कळ रविवारी कुणीच यायचं नाही. बसस्टँडच्या मागं आम्ही दोघं, दोन कुत्री आणि लघवीचा वास. मी म्हणायचो, चला काका, घरी जाऊ. ते घड्याळ पाहायचे, बरोबर सव्वासातला रजिस्टर काढायचे आणि लिहायचे, "लगतधारक गैरहजर. मोजणी सुरू केली." मग माझ्या एकट्यासमोर सगळं पहिल्यापासून. इथं ही भिंत, पूर्वेस रसवंती होती, पश्चिमेस एस.टी.चं वर्कशॉप. संध्याकाळी इथं आपली माणसं बसायची, बोलायची, कुणाचा तरी हात घटकाभर हातात असायचा, बस. मग त्या अरुंद रुळांच्या स्टेशनात, जिथं गाडी येणं बंद झालं तरी लोक वाट पाहायला यायचे. मग गिरणीवरची खोली. तिथं मंगळवारी आरोग्यवाले रोगाची माहिती द्यायला बोलवायचे, आणि रोगाच्या नावाखाली माणसं पहिल्यांदा मांडी घालून एकत्र बसली. हे मी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. गुडघे दुखायचे, चिडचिड व्हायची. कायदा बदलला, निकाल लागला, तरी आमच्यातल्या कुणाला खोली भाड्यानं घ्यायची तर आजही "मित्र आहे, नोकरीला आहे" हेच सांगावं लागतं. मग हे कुणासाठी चाललंय? मी थकलो होतो, सरळ सांगतो. काकाही थकले होते. फरक एवढाच की ते थकून चालायचे आणि मी थकून बोलायचो.

निकालाच्या दिवसाची गंमत ते पाचव्या ठिकाणी सांगत, पेढ्याच्या दुकानासमोर. दिल्लीत निकाल लागला, आम्ही आता गुन्हेगार नाही असं कोर्टानं सांगितलं. टीव्हीवर लोक नाचत होते. इथं काका आणि आणखी तिघं या दुकानात आले आणि अर्धा किलो पेढे मागितले. दुकानदारानं सहज विचारलं, "काय खुशखबर?" काकांच्या तोंडातून गेलं, "भाचीले पोरगा झाला." झालं! देशातला एवढा मोठा निकाल आम्ही भाचीच्या बाळंतपणावर निभावला. बरं, दुकानदार प्रेमळ. दर वेळी विचारायचा, "नातू कसा आहे?" मग काकांना तो नातू वाढवावा लागला. त्याला दात आले, तो बालवाडीत गेला, पाढे म्हणू लागला. काकांच्या भाचीला दोन मुलीच आहेत. "आता त्याले मोठा करूनच सोडतो," काका म्हणायचे.

राहिलं चौथं ठिकाण. चहाची टपरी. तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे, एक ठाणं. कोणतं ते काका कधी बोलत नसत, म्हणून मीही लिहीत नाही. खूप वर्षांपूर्वी, निकालाच्या कितीतरी आधी, बसस्टँडमागं बसणाऱ्यांना काही टगे पकडायचे. घड्याळ काढून घ्यायचे, अंगठी काढून घ्यायचे, घरी सांगू म्हणायचे. साध्या वेशातला एक शिपाईही त्यांच्यात असायचा. एक दिवस सात जणांनी ठरवलं की आपल्या नावानिशी, सहीनिशी अर्ज द्यायचा. हे त्या काळात! सातही जण आत गेले. अर्ज दिला. पोच मिळाली नाही, मार मिळाला. पण पुढचे तीन महिने बसस्टँडमागं कुणाचं घड्याळ गेलं नाही. "हाच आपल्या शहराचा इतिहास," काका म्हणायचे, "तीन महिने." आणि मग टपरीच्या बाकावर जरा बसायचे. बाकी कुठंही ते बसत नसत.

त्या सातांतले चौघं वारले, दोघं गाव सोडून कुठं गेले ठाऊक नाही. उरले गफूरभाई, गाद्या भरणारे. ते नंतर सासरवाडीला उमरखेडला जाऊन राहिले, तिथंच दुकान, तिथंच संसार. दर महिन्याला काका माझ्याकडून एक नोटीस जास्तीची काढून घेत आणि उमरखेडला टाकत. गफूरभाई कधी आले नाहीत. उत्तरही नाही. एकदा माझ्या लक्षात आलं की उमरखेडच्या नोटिशीतून काका शेवटचं वाक्य खोडायला लावतात, ते "गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही" वालं. मी विचारलं, हे काहून? ते म्हणाले, "कारण त्याची हरकत आहे. मले ते ऐकाची आहे."

काय हरकत, ते त्यांनी मला एका रिकाम्या रविवारी सांगितलं. टपरीच्या बाकावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर, चहा निवत चाललेला. "अर्ज मी लेहला होता," ते म्हणाले. "आठवी सही मायी होती. ठरलं होतं तसं. सकाळी निघालो. इथवर आलो. ते समोर गेट दिसते ना? एकवीस पावलं. ते सातजण गेले आत, मी इथं चहा सांगितला." सरकारी नोकरी, खात्यात नाव, गावात म्हातारी आई. पाय उचललाच नाही. पण खरी गोष्ट पुढंच होती. अर्ज लिहिताना हात सवयीनं चालला. घटनास्थळ लिहायचं म्हणून काकांनी चतुःसीमा लिहिली, पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस, दक्षिणेस, बरोब्बर खात्याच्या भाषेत. आतल्या साहेबानं ते मोठ्यानं वाचलं, थांबला, आणि म्हणाला, हा मजकूर तुम्हा गाद्यावाल्या-पानवाल्यांचा नाही, हा मोजणी खात्यातला माणूस आहे. नाव सांगा. सगळ्यात पुढं गफूरभाई उभे होते. त्यांना विचारलं. एकदा, दोनदा. प्रत्येक वेळी डाव्या कानावर. त्यांनी नाव सांगितलं नाही. त्या कानानं त्यांना पुढं कधी ऐकू आलं नाही.

"अक्कल पाह्य मायी," काका म्हणाले. "सही नाही केली आणि अर्जभर सही करून ठेवली."

मी विचारू नये ते विचारलं. काका, तुमचं आणि गफूरभाईंचं काही होतं का? त्यांनी मान हलवली. "नाही रे. असतं त बरं झालं असतं. काही कारण तरी असतं. भिंतीवर बाजूले बसे, एवढंच. लगतधारक." मग मी रागावलो. म्हटलं, उमरखेड काही अमेरिका नाही, तीन तासांची एस.टी. आहे, जा आणि बोला. त्यावर त्यांनी खात्याचा नियम काढला. मोजणीदार लगतधारकाच्या घरी जात नाही, लगतधारकानं जागेवर यायचं असतं. माझा पारा चढला तसा त्यांचा आवाज उतरला. "गेलतो एकडाव," ते म्हणाले. "पुसद लागते वाटेत, तिथलोक गेलतो. तिथं उतरलो आणि परत यायच्या गाडीत बसलो."

मागच्या वर्षी काकांचे पाय सुजले. डॉक्टर हृदयाचं काही म्हणाले, चालणं बंद, जिना बंद. भाची येऊन राहिली. भाची बरी होती, पण मामा महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुठं जातो हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि काकांनी कधी सांगितलं नव्हतं. मी फेरीच्या आदल्या शनिवारी भेटायला जायचो. ती बाहेर गेली की उशीखालून रजिस्टर निघायचं. "उद्या कोणी येणार आहे?" मी खोटं बोलायचो, येणारेत चार-पाच. "उमरखेडची नोटीस टाकली?" टाकली. पुन्हा पुढच्या महिन्यात तेच. माणूस जगायचा थांबला होता, फक्त एका हजेरीसाठी अडून बसला होता. ते पाहून माझा जीव मेटाकुटीला यायचा.

एकदा दुकानात ती नोटीस पाकिटात घालताना मला इतका वैताग आला की मी कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं. "गफूरभाई, वामनभाऊ लय बिमार आहेत. तुमची वाट पाहून राह्यले. जमलं त या." काकांचं खरं नाव वामन. खाली दुकानाचा पत्ता. तोही पाकिटात टाकला. काकांना सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. गोल टोपी, मानेत थोडा बाक, उजवा कान पुढं काढून उभं राहायची लकब. हातात प्लास्टिकची पिशवी. काही बोलायच्या आधी त्यानं पिशवी माझ्या टेबलावर पालथी केली. आमच्या नोटिसा! सगळ्या. एकेक घडी घातलेली, कोपऱ्याला टाचलेली.

"हे पाह्यजो भाऊ आधी," गफूरभाई म्हणाले. "आमच्या जागेची मोजणी कायले करून राह्यले तुम्ही?"

मला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांचं उमरखेडचं घर सरकारी जागेवर, अतिक्रमणातलं. पहिली नोटीस आली. गफूरभाईंना मराठी वाचता येत नाही, पोरानं वाचली. त्यानं "विषय" ओलांडून "मोजणी", "समक्ष हजर", "जागेवर" एवढंच वाचलं. वकिलाला दाखवली. वकिलानंही नीट न वाचता सांगितलं, जाऊ नका, गेलात तर सही करून घेतील. मग दर महिन्याला नोटीस आली की घरात सुतकी चेहरे, आणि म्हातारा ती नीट घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवणार. या खेपेला पाकिटातून माझी चिठ्ठी पडली. सुनेनं वाचली. "वामनभाऊ" म्हटल्याबरोबर म्हणे हा माणूस जेवता जेवता उठला.

मी कपाळावर हात मारून घेतला. कित्येक वर्षं काका समजत होते की गफूरनं आपल्याला माफ केलं नाही. आणि गफूरभाई समजत होते की सरकार आपलं घर पाडतंय. तीच ती खात्याची भाषा. तिनं पहिल्या वेळी एका माणसाचा कान घेतला आणि दुसऱ्या वेळी दोघांची वर्षं. हे काकांना सांगावं की नाही, मला समजेना. रिक्षातून गफूरभाईंना त्यांच्याकडे नेताना मी ठरवलं की सांगायचं. सांगितलं. काका उठून बसले होते, समोर खुर्चीत गफूरभाई, दोघंही एकमेकांकडे न पाहता भिंतीकडे पाहत. काकांनी पिशवीतली एक नोटीस काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नमुना चुकला."

त्यानंतर म्हणाले, "जागेवर चला."

भाचीनं आकांत केला. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका सांगितलंय, आणि हे कुठं निघाले? काकांनी तिला एवढंच सांगितलं, "मोजणी आहे." मी रिक्षा दारात आणली, रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यांना उचलून बसवलं. टपरी तीच आहे, माणूस बदलला. आता जुन्या चहावाल्याची सून चहा करते. दुपारचे चार वाजलेले, बाकावर तीन-चार माणसं, रस्त्यावर सोयाबीनचे ट्रॅक्टर. दोघांना बाकावर शेजारी बसवलं. काकांनी मला रजिस्टर काढायला लावलं. मग जमिनीकडे पाहत, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "गफूर, त्या दिवशी मी इथं होतो. आत आलो नाही."

"काय म्हनते?" गफूरभाई म्हणाले.

काका पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"ऐकू नाही येत बाप्पा. त्या बाजूनं काईच नाही येत. इकडून बोल."

काका त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. मी बसवलं होतं, माझी चूक. मग मी काकांना उठवून उजव्या बाजूला आणलं. पण तेवढ्यात ट्रॅक्टर आला, आणि त्या कानातही वयानुसार कमीच. "काय?" गफूरभाई म्हणाले. "मोठ्यानं बोल ना!" काकांनी माझा खांदा धरला, उभे राहिले. मला वाटलं पडतात. आणि आयुष्यभर कुजबुजत बोललेला तो माणूस, पेढे घेताना भाचीचं बाळंतपण पुढं करणारा, भर रस्त्यात, ठाण्यासमोर, घसा फोडून ओरडला.

"अर्ज मी लेहला होता! सही नाही केली मी! भेलो मी, गफूर! आपल्या सगळ्या लोकाइचा अर्ज होता आणि मी भेलो!"

टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. चहावालीचा हात पातेल्यावर थांबला. गेटातला शिपाईही बाहेर आला. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.

"ते त मले माहीत आहे," गफूरभाई शांतपणे म्हणाले. "त्यात एवढं ओरडाले काय झालं?" मग त्यांनी काकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "आत जाता जाता पाह्यलं ना मी तुले. इथंच उभा होता, कप हातात. म्हनलं चला, एक जण बाहेर आहे. आम्हाले कोंडलं त घरी सांगाले कोणी पायजे होतं ना?"

काका त्या गेटाकडे पाहत राहिले. मग घसा खाकरून, बसक्या आवाजात, शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, "मंग हरकत काही नाही?"

"आहे ना!" गफूरभाई म्हणाले. "पूर्वेस रसवंती लेहली तू. रसवंती कुठं होती? सायकलवाल्याचं दुकान होतं. रसवंती कोपऱ्यावर होती. त्या साहेबानं वाचलं तेव्हाच माह्या ध्यानात आलतं, पण सांगाची सोय नव्हती."

बाप्पा! काकांची चर्या पाहण्यासारखी झाली. चतुःसीमा चुकली म्हणतो? पायांना सूज, छातीत कळ, आणि माणूस दहा मिनिटं तावातावानं भांडला. सायकलवाला आधी की रसवंती आधी, कडुनिंब कुणाच्या हद्दीत. गफूरभाई ऐकेनात. "तू मोजून राह्यला होता, मी बसून राह्यलो होतो तिथं," ते म्हणाले, आणि काका हरले. मला म्हणाले, "लेहा. लगतधारक हजर. हरकत मान्य. बाकी काही हरकत नाही." दोन कप चहा आला. चहावालीनं कुणाला काही विचारलं नाही, बिस्किटं मात्र न मागता ठेवली.

काका त्यानंतर पावणेदोन महिने होते. उमरखेडचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा. दोघं म्हातारे एकमेकांवर ओरडायचे आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचो. ते गेले त्या दिवशी मी गफूरभाईंना कळवलं. तिरडी उचलायच्या वेळेला ते पोचले. टोपी, बाक, तीच प्लास्टिकची पिशवी.

फेरी अजून चालू आहे. मीच काढतो. निमंत्रण साध्या भाषेत लिहितो, तरी फार कुणी येत नाही. गुडघे दुखतात. पूर्वेस सायकलवाल्याचं दुकान, असं सांगतो. चौथ्या ठिकाणी बाकावर बसतो आणि लोकांना त्या गेटापर्यंतची एकवीस पावलं मोजून चालायला लावतो, आणि बाहेर उभा राहिलेला तो आठवा माणूस कोण, त्याचं नाव सांगतो. ते सांगायला हरकत नाही असं आता रजिस्टरमध्ये आहे. पेढेवाल्याला मात्र आजोबा गेल्याचं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. काकांचा तो नातू यंदा दुसरीत गेला.

पण सांगायचं ते तिरडीजवळचं. अंगणात काकांचे नातेवाईक, खात्यातले दोन-चार रिटायर लोक. गफूरभाई पुढं आले, पिशवी बाजूला ठेवली आणि खांदा द्यायला वाकले. भाचीचा नवरा संशयानं पाहत म्हणाला, "आपण कोण? ओळखलं नाही."

"शेजारी," गफूरभाई म्हणाले.

"इथले? मी तर कधी पाहिलं नाही. कुठलं घर?"

"उमरखेड," गफूरभाई म्हणाले, आणि खांदा लावला.